स्लाइडवर आवाज चढवला की झालं प्रशिक्षण?

कोरी पाटी (धागाकर्ती)
ऑफिसात फर्मान निघालंय : जुन्या सगळ्या पीपीटींवर बोलून आवाज रेकॉर्ड करा, व्हिडिओ करा, नव्या लोकांना पाठवा. माझ्या वाट्याला ६२ स्लाइडची फाइल आली. व्हिडिओ भरला ४८ मिनिटांचा. तपासायला बसले तर मलाच डुलकी लागली, आणि आवाजही माझाच!

वर्गात आपण स्लाइड वाचत नाही, समोरच्यांचे चेहरे वाचतो. कुणी गोंधळलेलं दिसलं की थांबतो. व्हिडिओत ते गेलं, उरलं नुसतं वाचन. पडद्यावरची वाक्यं आवाजानेही जशीच्या तशी म्हटली, तर डोळे पुढे पळतात आणि कान मागे राहतात. चित्र, बोलणं आणि वर तोच मजकूर असं तिहेरी केलं की शिकणं घटतं, हे रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलंय. मग हा खटाटोप कशाला?

रात्रपाळी
साफ असहमत. मी रात्रपाळीत असतो. तुमचे ते चेहरे वाचणारे वर्ग सकाळी ११ ला भरतात, तेव्हा मी झोपलेला असतो. मला व्हिडिओच मिळतो, आणि तो तीनदा मागे नेऊन पाहता येतो. वर्गात तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायची माझी छाती नाही.

मेयरचं म्हणाल तर अपवादही त्यानेच सांगितलेत. मजकूर दोन-चार शब्दांचा असेल किंवा ऐकणाऱ्याची ती मातृभाषा नसेल, तर पडद्यावरचे शब्द उपयोगी पडतात. दोष व्हिडिओचा नाही, ६२ स्लाइडचा आहे.

कात्रीवाला
मी हेच काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक. पॉवरपॉइंटमध्ये आवाज स्लाइडगणिक साठतो. नियम बदलला तर तेवढीच स्लाइड पुन्हा रेकॉर्ड करा, सगळा व्हिडिओ पहिल्यापासून बोलायला नको. फक्त स्लाइड सरकत असताना बोलू नका, तेवढा आवाज टिपलाच जात नाही. वाक्यं तुटलेले निम्मे व्हिडिओ याच कारणाने तुटलेले असतात. आणि स्लाइडला वेळ दिलेली नसेल, तर एक्स्पोर्ट करताना तिला आपोआप ५ सेकंद मिळतात. भलामोठा तक्ता ५ सेकंदांत गायब!

लांबीबद्दल : २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला होता. ६ मिनिटांपलीकडे लोकांचं लक्ष घसरत जातं, असं त्यात दिसलं. कोरी पाटी, तुमचे ४८ म्हणजे आठ व्हिडिओ.

कोरी पाटी
@कात्रीवाला, एडएक्सवाले स्वखुशीने शिकायला आलेले. आमच्याकडे व्हिडिओ सक्तीचा, लोक तो म्यूट करून दुसऱ्या खिडकीत काम करतात. आठ तुकडे केले तर आठदा म्यूट करतील.

ऐकू कमी येणारा
मी तर कायमचाच म्यूटवर. :) आवाज चढवताना स्लाइडवरचा मजकूर काढून टाका म्हणता, पण सबटायटल्स द्यायचं कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्यासाठी जुनी पीपीटीच बरी होती.

रात्रपाळी
हे डोक्यातच आलं नव्हतं, मान्य. पण मग सबटायटल्स घाला, व्हिडिओ का बंद करायचा?

कोरी पाटी
बंद करा कुठे म्हणतेय? आधी संहिता लिहायला वेळ द्या म्हणतेय. संहिता हाताशी असली की सबटायटल्सचं निम्मं काम तिथेच होतं. फर्मानात मुदत शुक्रवारची आहे आणि अजून चार फाइली शिल्लक आहेत.

कात्रीवाला
शुक्रवारपर्यंत चार? मग यंत्राचा आवाज लावा आणि देवाचं नाव घ्या.