आजोबांची .315 रायफल: ठेवावी, वापरावी की विकावी?

धानकाठ (प्रश्न)

नमस्कार. गोंदिया जिल्ह्यातील आमच्या घरी आजोबांच्या काळातील एक शिकारी रायफल आहे. बोअर (नळीच्या आतील मापाचा आकडा) .315, बोल्ट ॲक्शन (म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे सरकवून काडतूस भरण्याची रचना), अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि नळीवर बर्मिंगहॅमच्या बीएसए या शस्त्र कारखान्याचे नाव. आजोबा मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे जमीनदार होते. 1951 मध्ये मालगुजारी गेली, रायफल मात्र घरात राहिली आणि पुढे तिचा परवाना वडिलांच्या नावावर झाला. 1972 नंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही, तरीही दर उन्हाळ्यात वडील ती अंगणात खोलून बसत आणि चहाच्या किटलीतून उकळते पाणी नळीत ओतत, हे मला लहानपणापासून आठवते.

चार महिन्यांपूर्वी वडील गेले. तेरावे आटोपताच पोलीस ठाण्यात कळवून रायफल आणि 23 काडतुसे नागपूरच्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. त्याची पावती माझ्याजवळ आहे. आम्ही तीन भावंडे. मोठा भाऊ पुण्याला असतो आणि विकून मोकळे व्हावे असे म्हणतो. धाकट्या बहिणीला शस्त्र घरात नको आहे, पण परक्याच्या हातीही जायला नको आहे. शेती मी पाहतो. धान निसवला की रानडुकरे बांध्याच बांध्या (धानाचे वाफे) लोळवून टाकतात, त्यामुळे रायफल परत आणून वापरावी असे माझ्या मनात येते. माझ्या नावावर सध्या एक बारा बोअरची, छऱ्यांची बंदूक आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_कारकून

मी नोकरीची बरीच वर्षे शस्त्र परवान्यांच्या टेबलावर काढली, म्हणून आधी कागदाचे सांगतो, कारण बाकी सारी चर्चा त्यावरच उभी आहे. परवानाधारक वारल्यावर विनाविलंब शस्त्र जमा करणे हे शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे वारसांचे कर्तव्य असते, आणि ते आपण केलेत. अनेक घरांत "वर्षश्राद्ध झाल्यावर पाहू" म्हणत बंदूक माळ्यावर पडून राहते आणि मग चांगल्या घरातील माणसावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा नोंदवला जातो.

2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारसाहक्काने मिळणाऱ्या शस्त्रालाही हीच मर्यादा लागू आहे. आपल्याकडे एकच बंदूक असल्याने ही रायफल आपल्या नावावर बसू शकते, पण त्यानंतर जागा उरणार नाही, हे ध्यानात ठेवावे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि भाऊ व बहीण यांचे ना हरकत पत्र लागेल. थोडक्यात, तिघांचे एकमत ही आपल्या घरची बाब तर आहेच, शिवाय ती फाइलचीही गरज आहे.

जाता जाता इतर वाचकांसाठी एक गोष्ट. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवानाधारकाचे वय 70 झाले किंवा शस्त्र 25 वर्षे त्याच्याकडे राहिले, की तो हयात असतानाच वारसाचे नाव सुचवून ते त्याच्याकडे सोपवण्याची परवानगी मागू शकतो. ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांनी हे आजच विचारून घ्यावे.

आटे_आणि_नळी (निवृत्त, लष्करी शस्त्रदुरुस्ती)

आपल्या वडिलांच्या किटलीला माझा नमस्कार. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत मागे राहतो, हवेतील ओल शोषून घेतो आणि आटे (नळीच्या आतील पिळदार खाचा) गंजवतो. तेलात तो क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच जुने शिकारी बार काढल्यावर आधी उकळते पाणी ओतत आणि नळी कोरडी झाल्यावर तेलाचा बोळा फिरवत. बार न काढताही दर उन्हाळ्यात पाणी ओतण्याची आवश्यकता नव्हती, पण ज्या घरात ही सवय होती तेथील नळी चांगली निघण्याची शक्यता मोठी असते.

.315 हा बोअर मुळात ऑस्ट्रियाच्या 8 मिलिमीटर लष्करी काडतुसाचा. .303 हा सैन्याचा बोअर असल्याने हिंदुस्थानातील नागरिकांसाठी तो बंद होता, आणि म्हणून सैन्याच्या .303 रायफलीच्याच ली पद्धतीच्या यंत्रणेवर .315 च्या शिकारी रायफली बनू लागल्या. पुढे आपल्या आयुध निर्माण्यांनीही हाच बोअर चालू ठेवला. त्यामुळे .275 किंवा .423 च्या मालकांना जी काडतुसांची विवंचना असते, ती आपल्याला तेवढी नाही.

तरीही काडतूस मिळते म्हणून रायफल चालवावी, असे मी म्हणणार नाही. आधी विक्रेत्याकडील कारागिराकडून चार गोष्टी पाहून घ्याव्यात: आट्यांच्या कडा शाबूत आहेत का, बोल्टच्या खिट्ट्यांवर बारीक चीर आहे का, बोल्ट बंद केल्यावर काडतुसाच्या बुडामागे जास्त फट राहते का, आणि दस्त्याचे लाकूड यंत्रणेच्या मागे तडकले आहे का. फट जास्त असेल तर काडतुसाचे पितळी कवच फाटून तप्त वायू थेट चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. आणि ती 23 काडतुसे कितीही चकचकीत दिसली तरी उडवू नयेत. त्यांचे वय आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

आता रानडुकरांविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली उभ्या पिकाची हानी करणाऱ्या प्राण्याबाबत अधिकृत वनाधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. शस्त्राचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. समजा, ती मिळाली. तरी धानाच्या सपाट पट्ट्यात .315 ची गोळी म्हणजे हौसेने ओढवून घेतलेले संकट आहे. ती दोन किलोमीटरपलीकडेही जीव घेऊ शकते, आणि बांधीतील पाण्यावरून किंवा बांधाच्या कडक मातीवरून उसळली तर कुठे जाईल ते सांगता येत नाही. जुने शिकारी मचाणावरून खाली, मातीच्या दिशेने नेम धरत. आपण रात्री बांधावर उभे राहून आडवा बार काढणार. पलीकडे दुसऱ्याची जागल असते. तीस-चाळीस पावलांच्या कामासाठी आपली बारा बोअरच बरी.

नेमबाजीसाठी वापरू म्हणाल, तर जिल्ह्याच्या ठिकाणचे रायफल क्लब बहुधा 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर .22 साठी बांधलेले असतात. तेथे ही चालवू देणार नाहीत. म्हणून "वापरावी" हा पर्याय मी आपल्या प्रश्नातून खोडून टाकतो.

पन्हाळ्याची_लेक

आमच्या घरची रायफल आम्ही सहा वर्षांपूर्वी विकली, म्हणून दुसरी बाजू मांडते. विलायती नाव पाहून आम्हालाही मोठी रक्कम येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक मुळातच थोडे असते: ज्याच्याकडे परवाना आहे, त्यावर जागा शिल्लक आहे आणि ज्याला हाच बोअर हवा आहे, असाच माणूस ती घेऊ शकतो. दोनची मर्यादा आल्यापासून तर अनेकांना स्वतःचेच तिसरे शस्त्र काढून टाकावे लागले. परदेशात अशाच रायफलीला काय मिळते हे इंटरनेटवर पाहून मन कडू करून घेऊ नये. तो बाजार आपल्यासाठी नाही.

विकायचे ठरलेच, तर ओळखीच्या परवानाधारकाला थेट विकता येते, परंतु घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावे लागते. मात्र परवाना आपल्या नावावर झालेला नसताना काय करावे, हे विक्रेत्याशी आणि परवाना शाखेशी बोलूनच ठरवावे. आम्हाला पैसे थोडेच मिळाले, पण पावसाळ्यात गंजेल की चोरीला जाईल ही आईची काळजी गेली. मला स्वतःला अजून कधीकधी ती भिंत मोकळी दिसते.

आटे_आणि_नळी

ठेवायचे ठरल्यास एवढे पाळावे. चामड्याच्या पेटीत ठेवू नये, चामडे ओल धरते. कुलपाच्या लोखंडी कपाटात, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, आणि नळीचे तोंड खाली करून उभी ठेवावी. नाहीतर तेल ओघळून दस्त्यात मुरते आणि लाकूड सडते.

धानकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री तिघांनी फोनवर हा सगळा धागा वाचला. दादा आता विक्रीचा आग्रह धरत नाही, कारण विक्रेत्याने सांगितलेला आकडा ऐकून पुण्याहून दोन फेऱ्या मारण्याचीही त्याची तयारी राहिली नाही. बहिणीने अट घातली आहे की कपाट माझ्या घरी असावे आणि बोल्टची किल्ली तिच्या सासरी, आमगावला. परवान्याच्या दृष्टीने असे चालेल का, हे जुना_कारकून यांनी कृपया सांगावे. मी वारसाच्या परवान्याचा अर्ज करतो आहे आणि कारागिराला नळी व बोल्ट तपासायला सांगितले आहे. काडतुसे परत आणायची नाहीत, यावर मात्र तिघांचे लगेच एकमत झाले.

जुना_कारकून

किल्ली कुठेही ठेवा, पण शस्त्राची जबाबदारी परवान्यावर ज्याचे नाव आहे त्याचीच राहते. तपासणीला बोलावले तर रायफल बोल्टसह हजर करावी लागेल, आणि आमगावची किल्ली त्या दिवशी आपल्या हातात असायला हवी. काडतुसे देऊन टाकताना त्यांची संख्या लिहिलेली पावती अवश्य घ्यावी.