विषय: सॅटचा (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा) स्कोअर पाठवायचा का झाकून ठेवायचा?

मंडळी नमस्कार,
गणपतीच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसवतोय त्याबद्दल सॉरी, पण इथे अर्ध्या लोकांची मुलं याच वयाची आहेत म्हणून विचारतो. लेक सप्टेंबरपासून सीनियर, म्हणजे बारावीत. जीपीए (शाळेच्या ग्रेडची सरासरी) ४ पैकी ३.९७, पण तिच्या शाळेत ज्याला विचारावं त्याचा तेवढाच असतो. सॅट १६०० पैकी १४२०, तेही दोनदा देऊन. शाळेची काउन्सेलर म्हणते स्कोअर पाठवणं ऑप्शनल असेल तिथे पाठवू नका, बायको म्हणते चौदाशे वीसला लाजायचं काय. कोणी यातून गेलंय का?

---

दादा, मी सध्या दादरला बहिणीकडे आहे, भाच्याच्या इंजिनिअरिंग सीईटीच्या कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या, धुमाळीत. बाहेर धो धो पाऊस, आत लॅपटॉपवर ऑप्शन फॉर्म आणि गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ, बहीण एकेक कॉलेज मोठ्याने वाचते आणि भाचा नुसता मान हलवतो.

आधी तुमचं. कॉलेज बघून ठरवा. यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) पाठवलात तरी बघत नाहीत, २०२० च्या मेमध्ये त्यांच्या रीजेंट्सनी, म्हणजे कारभारी मंडळाने, सॅट काढायचं ठरवलं आणि गंमत म्हणजे त्यांच्याच प्राध्यापकांच्या समितीने ठेवा म्हणून सांगितलं होतं. एमआयटीने २०२२ मध्ये परत सक्ती केली, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये. डार्टमथने स्वतःचाच डेटा तपासला तर साध्या शाळांतल्या, चौदाशेच्या घरातल्या मुलांनी स्कोअर झाकला होता आणि दाखवला असता तर उलट त्यांचा फायदा झाला असता. आता तुमची शाळा काही साधी नाही, तुमच्या गावातल्या घरांच्या किमती ऐकून मला घाम फुटतो, त्यामुळे तुम्हाला तो फायदा तेवढा मिळेलच असं नाही.

मी इतकी वर्षं सॅटच्याच बाजूची. ग्रेड म्हणजे बाईंची मर्जी, परीक्षा म्हणजे सगळ्यांना एकच पेपर, असं मीच मंडळात भांडून सांगितलंय. इथे येऊन जरा गडबडले. इंजिनिअरिंगला बारावीचे मार्क आता गेटवरच्या वॉचमनइतकेच, ओपनला पीसीएमचे ४५ टक्के दाखवले की आत सोडतो, पुढचं सगळं सीईटी नाहीतर जेईईवर. मग कॉलेज करतंय कोण? भाचा 'इंटिग्रेटेड'ला होता, म्हणजे नाव कॉलेजचं आणि शिकवणार क्लासवाले.

परवा रद्दीत त्याचं केमिस्ट्रीचं जर्नल चाललं होतं, मी उचलून चाळलं. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, ब्युरेटची तीन रीडिंग, १०.२, १०.२, १०.२. पान उलटलं, ९.८, ९.८, ९.८. म्हटलं अरे, एकदाही इकडचं तिकडे झालं नाही? म्हणे मावशी, ग्रुपवर पीडीएफ आली होती. बरं, एंड पॉइंटला रंग कुठला? "फिकट गुलाबी", एका सेकंदात. पाहिलायस कधी? "नाही ना." आमच्या वेळी एक थेंब जास्त पडला की गडद व्हायचं की सगळं पहिल्यापासून, आणि मॅडम पाठीशी उभ्या.

आणि हाच मुलगा ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न उडवतो, निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे येत नाही तिथे डोळे मिटून टिक. ९६ पर्सेंटाइल, म्हणजे ९६ टक्के मुलं त्याच्या मागे. शेजारच्या काकू ते ९६ टक्के समजून पेढे मागायला आल्या, आम्हीही दिले, कोण समजावत बसणार की लाखोंनी मुलं बसतात तिथे पुढचे चार टक्केसुद्धा हजारोंनी असतात.

---

अगं पण शाळेचे मार्क मोजले की काय होतं तेही आठव की. २०२१ ला करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळांनी आपापलं मूल्यमापन करून मार्क पाठवले, निकाल किती, ९९.९५ टक्के! सरकारचाच भरवसा बसेना, अकरावीसाठी वेगळी सीईटी काढली, ती १० ऑगस्टला हायकोर्टाने रद्द केली आणि शेवटी त्याच मार्कांवर प्रवेश.

आणि आमच्या वेळी, बारावीच्या पीसीएमवर इंजिनिअरिंग होतं तेव्हा, प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी वाटणारी कॉलेजं सगळ्यांना तोंडपाठ होती. आमचं कॉलेज ताठ, नाव घेत नाही, माझी सीट एका मार्काने गेली, अजून घास घशात अडकतो.

मला त्यातल्या त्यात टेक्सासचं पटतं. १९९७ चा कायदा, आपल्याच शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत या आणि सरकारी युनिव्हर्सिटीत जागा घ्या, या शाळेची ए ग्रेड मोठी का त्या शाळेची ही भानगडच नाही. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत मात्र एवढी झुंबड उडाली की तिथे दहाचे टक्के कमी करावे लागले, आणि २०२४ ला तेही सॅट परत मागायला लागले. म्हणजे बघ.

---

काका, प्रॅक्टिकलचं मान्य. पण तुमची ती वाटणारी कॉलेजं निदान लॅब तरी उघडत होती. इथे भाच्याला विचारलं लॅब कितव्या मजल्यावर, तर त्याला आठवेना.

दादा, १४२० मध्ये मॅथ ८०० पैकी किती? इंजिनिअरिंगला टाकत असाल आणि मॅथ साडेसातशेच्या वर असेल तर मी तरी झाकणार नाही.

---

मॅथ ७७०, रीडिंगने घात केला. मग पाठवतो, यूसी सोडून, काउन्सेलरबाईंना काय सांगायचं ते बायको बघेल. ताई, काकूंकडून काही उरले तर येताना पेढे आणा.