आईसाठी साधा किंडल की अँड्रॉइडवाला ई-रीडर?

रानपाखरू: आईला वाचायला घ्यायचंय, मराठी कादंबऱ्या जास्त. दुकानदार म्हणतो टॅबच घ्या, सगळं एकात मिळेल. अँड्रॉइडवाले ई-इंक (कागदासारखी दिसणारी स्क्रीन) रीडर पण दिसतायत. काय घेऊ?

जुनाबाड: डोळे झाकून साधा किंडल (ॲमेझॉनचा ई-रीडर) घ्या. २०२२ चा ६ इंची बेसिक माझ्याकडे आहे, ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके) स्क्रीन, त्यामुळे जोडाक्षरं, रफार, वेलांट्या एकदम स्वच्छ दिसतात आणि फाँट मोठा केला की चष्मा शोधायला नको. ई-इंकला पान बदलतानाच वीज लागते म्हणून चार्जिंग आठवडे आठवडे टिकतं. आणि मुख्य म्हणजे मध्येच व्हॉट्सॲप वाजत नाही हो, टॅबवर दोन पानं वाचून माणूस रील्सवर जातोच!

सांजवेळ: सहमत, फक्त एक बघा, स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ ६ इंचावर वाचवत नाहीत, अक्षर मुंगीएवढं होतं. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) असेल तर किंडलच्या मेल पत्त्यावर पाठवा, उघडतं. रात्री वाचत असतील तर पिवळसर लाइटवालं किंडल पेपरव्हाइट मॉडेल घ्या, बेसिकला ते नाही.

रानपाखरू: पीडीएफ नाहीतच, पण रात्री वाचते ती. पेपरव्हाइटच बघतो मग, थँक्यू दोघांना.