मातृभाषा जपण्यासाठी तुम्ही नेमके काय केले? सोलापूरकरांचे अनुभव

धागाकर्ती

२१ फेब्रुवारीचा जागतिक मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या मधल्या आठवड्यात भाषेवर पुष्कळ बोलले जाते. १९५२ मध्ये ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले. त्या घटनेची आठवण म्हणून युनेस्कोने १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, त्यामुळे येथे मातृभाषेचा प्रश्न प्रत्येक घरात निराळा आहे. या धाग्यात भाषेची थोरवी सांगू नये. आपल्या घरात कोणती गोष्ट निसटत होती आणि ती धरून ठेवण्यासाठी काय केले, तेवढे लिहावे, ही विनंती.

सुरुवात मी करते. आमची मातृभाषा मराठी असून मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो. घरात दिवसभर मराठीच चालते, तरीही तो सहावीत गेला तोपर्यंत त्याची मराठी जेवणखाण, कपडे, हट्ट आणि रुसवे यांपुरती उरली होती. विज्ञानातले किंवा बातम्यांतले काही सांगायचे झाले की तो इंग्रजीत शिरत असे. तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर शाळेत शिकलेली एक गोष्ट त्याने आजीला समजावून सांगायची, असा नेम आम्ही घातला. आजीला इंग्रजी येत नाही आणि ती उलट प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. तुळशीचे पान हातात घेऊन त्याने तिला प्रकाशसंश्लेषण समजावले, तेव्हा तो विषय त्यालाही प्रथमच नीट कळला, असे माझे मत आहे.

साखर पेठेतली लेक

आम्ही पूर्व भागातले पद्मशाली. आमचे पूर्वज विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून येथे आले. आई विड्या वळत असे आणि त्या वेळी चार बायकांत चालणारे सारे बोलणे तेलुगूत असे. शाळा मात्र मराठी. त्यामुळे आमच्या पिढीला तेलुगू बोलता येते, पण वाचता येत नाही.

याची खरी अडचण बतुकम्माच्या वेळी जाणवली. महालयाच्या अमावास्येपासून नऊ दिवस तरवड, कुरडू आणि झेंडूच्या फुलांचे थर रचून, त्याभोवती फेर धरून आम्ही गातो. गाणी आईला पाठ होती आणि आम्ही तिच्या मागून ओळ उचलत असू. तिचा आवाज थकू लागला, तेव्हा ती गाणी मी देवनागरीत वहीत उतरवून घेतली. परंतु तेलुगूत ए आणि ओ या स्वरांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी निरनिराळी रूपे आहेत आणि आपल्या नेहमीच्या मराठी लेखनात तो भेद दाखवता येत नाही. माझी भाची वहीतून वाचून गाऊ लागली की ताल चुकत असे आणि आई हात वर करून सर्वांना थांबवत असे.

म्हणून मी लिपी शिकायचे ठरवले. शिकवले ते शेजारच्या कन्नड काकूंनी. कन्नड आणि तेलुगू या दोन्ही लिप्या एकाच जुन्या लिपीतून निघालेल्या असल्यामुळे काकूंना तेलुगू भाषा येत नसतानाही बरीचशी अक्षरे ओळखता येत. त्या कन्नड अक्षर काढून देत आणि मी तेलुगू बालभारतीत त्याचे भावंड शोधत असे. आता आमच्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत, डावीकडे तेलुगू आणि उजवीकडे देवनागरी. भाची अजून उजवा रकाना वाचते. डाव्या रकान्यातली तिला येणारी अक्षरे ती पेन्सिलीने गोल करून ठेवते.

यंत्रमागवाल्याचा मुलगा

वरील दोन्ही अनुभव मोलाचे आहेत, तरीही एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. ज्यांनी मागाच्या खडखडाटात आयुष्य काढले, त्यांना मुलांसाठी इंग्रजी हवी असते आणि त्यात भाषेविषयीची अनास्था नसते. मीही मुलीला इंग्रजी माध्यमात घातले आहे. मात्र हिशेब, नातेवाइकांना फोन आणि मार्कंडेय रथोत्सवाची तयारी या गोष्टी घरात तेलुगूतच करायच्या, यावर मी ठाम आहे.

अक्कलकोट तालुक्यातील शिक्षक

माझी मातृभाषा कन्नड असून मी मराठी शाळेत शिकवतो. आमच्या भागात पहिलीत येणारी काही मुले सुरुवातीचे महिने बोलतच नाहीत आणि त्यांना मंद समजले जाण्याचा धोका असतो. मी गणितातला हातचा आधी कन्नडमध्ये समजावतो आणि मग तेच उदाहरण मराठीत करून घेतो. तसे केले की तीच मुले फळ्याशी यायला धडपडतात आणि त्यांची मराठीही लवकर सुधारते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही अपेक्षा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०(अ) मध्ये १९५६ पासून आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. प्रत्येक गावात तशी शाळा निघेलच असे नाही. पण मुलाची भाषा जाणणारा एक शिक्षक वर्गात असला, तरी पुष्कळ फरक पडतो.

आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची, बाराव्या शतकातली वचने कन्नडमध्ये आहेत. त्यांच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला लाखो मराठी भाविक जातात, परंतु 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही त्या वचनांतली नाममुद्रा त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. मी दर जानेवारीत वर्गात एक वचन कन्नडमध्ये म्हणून त्याचा अर्थ मराठीत सांगतो. ते घरी जाऊन आजीला म्हणून दाखवणारी मुले मराठीभाषकही असतात, याचा मला विशेष आनंद वाटतो.

तांड्यावरचा

आमच्या गोरमाटीला, म्हणजे बंजारा समाजाच्या भाषेला, स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. त्यामुळे मी लिहून पाठवलेले गाणे विजयपूरकडच्या माझ्या मामेभावाला वाचता येत नाही, मात्र ऐकवले की तो पुढची ओळ स्वतः म्हणतो. म्हणून मी लिहिण्याआधी ध्वनिमुद्रण करतो. होळीला म्हातारी माणसे लेंगी गातात, तेव्हा मोबाईल जवळ ठेवतो आणि प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव, तांडा आणि वर्ष त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. कर्नाटकातल्या किंवा तेलंगणातल्या तांड्यांवर कोणी असे काम करत असल्यास येथे लिहावे, म्हणजे एकाच लेंगीचे निरनिराळ्या ठिकाणचे पाठ आपल्याला शेजारी ठेवून ऐकता येतील.