एंजल माशांची पिल्लं: अंड्याचा बलक नको, आर्टेमिया द्या

कुणीतरी विचारलंय की एंजलची जोडी दरवेळी अंडी खाते, आणि पिल्लं निघालीच तर उकडलेल्या अंड्याचा बलक चालेल का. जोडी नवी असेल तर पहिल्या दोन-चार खेपा अंडी खातेच, मनावर घेऊ नका. पांढरी पडलेली अंडी खात असेल तर तिला दोष देऊ नका, ती न फळलेली किंवा मेलेली असतात आणि त्यांना बुरशी लागते.

बलक मात्र नको. मी तोच घातला होता. संध्याकाळपर्यंत पाणी दुधाळ, सकाळी तळाशी पिल्लांचा सडा.

२८ अंशांच्या आसपास अंडी अडीच दिवसांत फुटतात. मग पिल्लं पानाला डोक्याने चिकटून नुसती शेपट्या वळवळत असतात. तेव्हा काहीही घालू नका, पोटातली अन्नाची पिशवी पुरते. साधारण पाच दिवसांनी सुटी पोहायला लागली की ताजी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव. ते घरीच अंड्यांतून काढायचे: एक लिटर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे (टेबलस्पून) जाडं मीठ, आर्टेमियाची चिमूटभर अंडी, एअर पंपची नळी थेट तळापर्यंत. दीड दिवसात तयार. हवा बंद करून बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरा, केशरी ढग तिथे गोळा होतो. तो नळीने ओढून जुन्या रुमालातून गाळा आणि गोड्या पाण्यात खळबळून मगच टाका. दहा मिनिटांत पिल्लांची पोटं केशरी दिसली पाहिजेत. बाकी, फिल्टर स्पंजचाच ठेवा. दुसरा पिल्लं ओढून घेतो.