टॅली आणि एक्सेलवर कारखाना चालतो म्हणणाऱ्यांना

भोसरीकर
काल इथे एकाने लिहिलं की पन्नास-साठ माणसांच्या वर्कशॉपने ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेणं म्हणजे पैसे जाळणं, हिशोबाला टॅली आणि एक्सेल भरपूर झालं. वाचून डोकंच फिरलं. अठरा वर्षं स्टोअर सांभाळतोय मी. बाहेर प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला, ४०० नग गेले, परत किती आले, रिजेक्ट किती, कुठल्या चलनावर, हे आमच्याकडे तीन एक्सेलमध्ये होतं आणि तिन्हीत आकडा वेगळा. जॉबवर्कला, म्हणजे असं बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल वर्षात परत नाही आला तर जीएसटीवाले पाठवल्या दिवसापासून ती विक्री धरतात, वर व्याज. ते कोण भरणार?

चाकणवाला
अहो टॅलीत जॉबवर्क आहे की! एफ ११ बटण दाबून सेटिंगमध्ये चालू करायचं असतं, तुम्ही केलं नाही तर दोष कुणाचा? आमच्या मालकाने ईआरपी घेतलं, शिकवायला दोन पोरं आली, त्यांना जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, कशाशी खातात माहीत नाही. गो-लाइव्ह, म्हणजे नवीन सिस्टीमवर प्रत्यक्ष काम सुरू कधी, तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. दोन दिवस डिस्पॅच बंद, गाड्या गेटवर, ड्रायव्हर आम्हाला शिव्या घालतायत. आणि लिडलसारख्या जर्मन सुपरमार्केटवाल्यांनी सुमारे ५० कोटी युरो घालून २०१८ मध्ये सॅप कंपनीच्या ईआरपीचा प्रोजेक्ट गुंडाळला, तिथे आपली काय कथा.

भोसरीकर
लिडलचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. ते स्टॉक खरेदीच्या किमतीने धरायचे, सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीने. आपली पद्धत सोडवेना म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत बसले. आपल्याकडचे मालकही हेच करतात, जुनं रजिस्टर जसंच्या तसं स्क्रीनवर पाहिजे.

जमाखर्च
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री कधी बदलली, काय बदललं, याची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. एक्सेलमध्ये हे कुठून आणणार? मार्चअखेर बसून बॅकडेट एंट्र्या मारायची सवय लागलीय सगळ्यांना, ईआरपी नको त्याचं खरं कारण हेच.

चाकणवाला
म्हणजे आम्ही चोर? ट्रान्सपोर्टवाला जानेवारीचं बिल एप्रिलमध्ये देतो, ते कुठल्या तारखेला टाकू? कधी शॉपफ्लोअरवर उभे राहिलात का?

जमाखर्च
आवाज चढवू नका. चोर म्हटलेलं नाही. उशिरा येणाऱ्या बिलाची मार्चअखेर तरतूद करतात, म्हणजे तो खर्च अंदाजाने आधीच धरून ठेवतात, जुन्या तारखेची एंट्री घुसवत नाहीत. माझ्या एका क्लायंटकडे अकाउंटंटने जुनी व्हाउचरं बदलून दोन वर्षं पैसे काढले, मालकाला पत्ता नाही. म्हातारा माणूस माझ्यासमोर रडलाय.

लेथमास्तर
हा नियम कंपन्यांना आहे. आमची प्रोप्रायटरशिप, एकट्याच्या मालकीचा धंदा, आम्हाला कशाला घाबरवता?

जमाखर्च
बरोबर, तुम्हाला लागू नाही. मान्य. पण पैसे मारणारा माणूस प्रोप्रायटरशिप बघून थांबत नाही. आणि टॅलीतही बदलांची अशी नोंद ठेवणारा एडिट लॉग आहे, तेवढं चाकणवाल्यांचं खरं.

चाकणवाला
तेवढं तरी मान्य केलंत. तरतुदीचं आमच्या अकाउंटंटला विचारतो, तो आजवर तारीखच मागे घेत आलाय.

भोसरीकर
मी उद्या एफ ११ करून बघतो. पण प्लेटिंगवाल्याकडचं रिजेक्शन नगानिशी कुठे दिसतं तेवढं सांगा, स्क्रीनशॉटसकट, नुसतं आहे म्हणू नका.