कॅनडा की जर्मनी? कन्सल्टंट सांगतोय ते खरं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण बाहेर सेटल झालेत म्हणून विचारतोय, घरात आठवडाभर याच विषयावर किटकिट चालूये.

मी ३४ पूर्ण. मेकॅनिकल डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई, पुणे विद्यापीठ. दहा वर्षं चाकणला क्वालिटीत आहे. बायको बीएस्सी नर्सिंग, आयसीयूला ड्युटी करते. मुलगी पाच वर्षांची. राहायला मोशी, फ्लॅटचा हप्ता चालू.

परवा डेक्कनला एका कन्सल्टंटकडे गेलो. तिथली मॅडम म्हणाली, सर तुमचा कॅनडा पीआर (कायम राहायची परवानगी) शंभर टक्के, फी दीड लाख, आणि वर सहा लाख भरलेत तर जॉब ऑफर लेटर पण देतो, त्याने ५० गुण वाढतात. बायको शेजारीच बसली होती, तिला फक्त चहा की कॉफी एवढंच विचारलं.

सहा लाख ऐकून घरी आलो आणि रात्री दोनपर्यंत कॅनडा सरकारची साईट वाचत बसलो. मला कळलं ते असं, की आधी आयल्ट्स (इंग्रजीची परीक्षा) आणि डिग्रीचं मूल्यांकन, मग एक्सप्रेस एंट्री या पीआरच्या ऑनलाईन यादीत प्रोफाईल, मग वय, शिक्षण वगैरेंच्या सीआरएस गुणांवर ड्रॉ लागतो, म्हणजे वरच्या गुणवाल्यांना अर्जाचं बोलावणं. वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंतच, लग्न झालेल्यांचे पुढे चाळिशीपर्यंत दरवर्षी ५ जातात, म्हणजे मी हा धागा लिहितोय तेवढ्यात पण घसरतोय 😅

मित्र म्हणतो कॅनडा सोड, जर्मनीचं चान्सेनकार्ट घे. जून २०२४ पासून सुरू झालंय, एक वर्ष तिथे जाऊन नोकरी शोधायची. पण २०२५ च्या हिशोबाने महिना १,०९१ युरो धरून वर्षभराचे पैसे आधी दाखवायचे म्हणजे १३ हजार युरोच्या वर, ते कुठून आणू? आणि जर्मन म्हणाल तर गुटन टागच्या पुढे शून्य.

तर ते लेटर घ्यावं का, आणि आधी नेमकं काय करू?

---

प्रतिसाद १:
अहो लेटरच्या नादाला अजिबात लागू नका! जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकलेत, म्हणजे ते सहा लाख कशाचे हे त्या मॅडमलाच विचारा. नोकरी विकत घेणं तिथे बेकायदा आहे, खोटा कागद सापडला तर पाच वर्षं बंदी. फी घेऊन अर्ज हाताळायला वकील किंवा लायसन्सवाला सल्लागार लागतो, त्याचा नंबर मागा आणि कॅनडात अशा सल्लागारांची नोंद ठेवणारी संस्था आहे (तिला कॉलेजच म्हणतात), तिच्या रजिस्टरमध्ये स्वतः तपासा.

आणि एक, वहिनींचा अर्ज मुख्य का नाही करत? हेल्थकेअरवाल्यांचे वेगळे ड्रॉ लागतात. दोघांची दोन प्रोफाईल पण चालतात. फक्त पीआर वेगळा आणि तिथलं नर्सिंगचं लायसन्स वेगळं, ते प्रांताप्रमाणे करावं लागतं, वेळखाऊ आहे.

प्रतिसाद २:
जर्मनीबद्दल थोडं. डिग्री जर्मन डिग्रीच्या तोडीची ठरली तर चान्सेनकार्टला गुण मोजावेच लागत नाहीत, आधी आनाबिनवर (परदेशी डिग्र्यांची जर्मन ऑनलाईन यादी) आपलं विद्यापीठ आणि कोर्स बघा. पण कार्डावर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळे घरदार असलेल्याने इथूनच अर्ज टाकून नोकरी मिळवावी आणि थेट ब्लू कार्डवर (नोकरी हातात असलेल्या पदवीधरांचा परवाना) जावं असं माझं मत. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी भाषेची अट नाही आणि नोकरीही लगेच करता येते. पीआर २७ महिन्यांत, बी१ (मधल्या पातळीचं) जर्मन असेल तर २१. नर्सिंगला मात्र साधारण बी२, म्हणजे त्याच्या वरची पातळी लागते, दोघं मिळून मॅक्सम्युलर भवनला जर्मनच्या वर्गात नाव घाला.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. बायकोला प्रतिसाद १ वाचून दाखवला तर म्हणते, मी तिथेच बसले होते, तूही नाही विचारलंस. आता आयल्ट्सला दोघं बसतोय, आधी तिचं. डिग्रीच्या मूल्यांकनासाठी तिच्या ट्रान्सक्रिप्टला (विद्यापीठाकडून मिळणारा सगळ्या वर्षांच्या गुणांचा दाखला) किती दिवस लागतात, कोणी अलीकडे काढलंय का? तिचं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालचं आहे.